अपूर्ण नोंदींचा न्याय : दोन रुग्णगटांच्या जीवितकालाची तुलना करणाऱ्या सांख्यिकी पद्धतींचा इतिहास

सारांश

दोन वेगवेगळे उपचार घेणाऱ्या रुग्णगटांपैकी कोणता गट अधिक काळ जगला, हे ठरविण्याच्या ज्या पद्धती आज वैद्यकीय संशोधनात रूढ आहेत, त्या प्रामुख्याने 1958 ते 1972 या काळात आकारास आल्या. प्रस्तुत निबंधात त्यांची पूर्वपीठिका, घडण आणि मर्यादा यांचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. ज्या रुग्णाच्या बाबतीत अपेक्षित घटना अद्याप घडलेलीच नाही, त्याची नोंद टाकून न देता तिला योग्य ते मोल कसे द्यावे, या एकाच प्रश्नाभोवती हा सर्व इतिहास फिरत आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे. विवेचनासाठी रक्ताच्या कर्करोगावरील 1963 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीतील 42 रुग्णांच्या नोंदींचा आधार घेतला आहे.

बीजसंज्ञा : जीवितकाल, आयुर्मान सारणी, अपूर्ण नोंद, कॅप्लन-मायर पद्धती, लॉग-रँक कसोटी.

प्रस्तावना

दोन औषधांपैकी अधिक गुणकारी कोणते, हा प्रश्न वैद्यकाइतकाच जुना आहे. पटकी किंवा देवी यांसारख्या तीव्र आजारात किती रुग्ण वाचले आणि किती दगावले, एवढी मोजणी या प्रश्नाच्या उत्तरासाठी बव्हंशी पुरेशी ठरते. कर्करोग, क्षय यांसारख्या दीर्घ आजारांत मात्र ती पुरत नाही. तेथे रुग्ण किती काळ जगला, किंवा आजार उलटण्यापूर्वी किती काळ बरा राहिला, हे महत्त्वाचे असते.

उंची किंवा वजन एका दिवसात मोजता येते; काळ मोजण्यासाठी मात्र काळच जावा लागतो. संशोधकाने अभ्यास थांबविला त्या दिवशी काही रुग्ण जिवंत असतात, काही गाव सोडून गेलेले असतात, तर काही जण महिन्याभरापूर्वीच अभ्यासात दाखल झालेले असतात. अशा रुग्णांच्या बाबतीत ‘निदान इतका काळ तरी जगला’ एवढेच सांगता येते. संख्याशास्त्रात हिला सेन्सॉर्ड नोंद म्हणतात. प्रस्तुत निबंधात तिच्यासाठी ‘अपूर्ण नोंद’ अशी संज्ञा वापरली आहे. आजार न उलटण्याची घटनाही येथे ‘जीवितकाल’ या व्यापक संज्ञेत समाविष्ट केली आहे.

आपल्या महाविद्यालयांतून संख्याशास्त्र शिकविताना सूत्रे दिली जातात. ती कोणत्या गरजेतून निर्माण झाली, याची चर्चा क्वचितच होते. प्रस्तुत निबंधामागील हेतू ही उणीव अल्पांशाने भरून काढण्याचा आहे.

आयुर्मान सारणीची परंपरा

या इतिहासाचा आरंभ सतराव्या शतकातील लंडनमध्ये होतो. जॉन ग्रॉन्ट या व्यापाऱ्याने 1662 मध्ये तेथील मृत्युनोंदींच्या साप्ताहिक पत्रकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जन्मलेल्या 100 जणांपैकी 64 जण सहाव्या वर्षापर्यंत, 40 जण सोळाव्या वर्षापर्यंत आणि अवघा एक जण शहात्तराव्या वर्षापर्यंत पोहोचतो, असा त्याचा अंदाज होता. त्या पत्रकांत मृताचे वय नोंदलेलेच नसे. त्यामुळे हे आकडे तर्कावर आधारलेले होते. तथापि, एका समूहातून प्रत्येक टप्प्यावर किती जण शिल्लक राहिले हे मांडण्याची कल्पना मूलगामी होती. पुढे 1693 मध्ये एडमंड हॅली या खगोलशास्त्रज्ञाने ब्रेस्लाऊ (आजच्या पोलंडमधील व्रोत्सवाफ) शहरातील जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून अधिक भक्कम पायावर उभी असलेली सारणी तयार केली.

दोन सारण्या समोरासमोर ठेवण्याचा विचार अठराव्या शतकात पुढे आला. देवीविरुद्ध टोचणी करून घ्यावी की नाही, असा वाद त्या वेळी युरोपात चालू होता. डॅनिएल बर्नुली याने 1760 मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एक गणित मांडले. देवीचा रोग समाजात असताना सरासरी आयुष्य 26 वर्षे 7 महिने भरते; तो नाहीसा झाल्यास ते 29 वर्षे 9 महिने होईल, असा त्याचा निष्कर्ष होता. यावर दालाँबेर याने घेतलेला आक्षेप मार्मिक होता. टोचणीचा धोका तत्काळ असतो आणि तिचा लाभ दूरच्या भविष्यात मिळतो. या दोहोंना एकाच सरासरीत कसे कोंबायचे, असे त्याचे म्हणणे होते. जीवितकालाच्या तुलनेत घटनांच्या संख्येइतकेच त्या केव्हा घडल्या यालाही महत्त्व आहे, हे या वादातून प्रथमच ठळकपणे समोर आले.

रुग्णगटांची तुलना : आरंभीच्या अडचणी

बर्नुलीचे दोन समाज काल्पनिक होते. प्रत्यक्ष रुग्णांची तुलना पॅरिसमधील वैद्य पिएर लुई याने केली. 1835 च्या आपल्या ग्रंथात त्याने न्यूमोनियाच्या 77 रुग्णांचा तपशील दिला आहे. त्यांपैकी 41 जणांचे रक्त आजाराच्या पहिल्या चार दिवसांत काढण्यात आले होते, तर 36 जणांचे पाचव्या ते नवव्या दिवसांत. बरे झालेल्यांचा आजार पहिल्या गटात सरासरी 17.8 दिवस आणि दुसऱ्या गटात 20.8 दिवस टिकला. लवकर रक्त काढण्याची ही सरशी वाटते. परंतु पहिल्या गटातील 18 रुग्ण दगावले आणि दुसऱ्या गटातील 9. म्हणजे अनुक्रमे 44 व 25 टक्के. वाचलेल्यांचा काळ एका पारड्यात आणि मेलेल्यांची संख्या दुसऱ्या पारड्यात, अशी ही मांडणी होती. दोन्ही पारडी एका तराजूत तोलण्याचे साधन लुईपाशी नव्हते. तरीही रक्त काढण्याच्या सर्वमान्य उपचारावर त्याने आकड्यांच्या आधारे शंका उपस्थित केली, ही त्याची मोठी कामगिरी होय.

विसाव्या शतकात मेजर ग्रीनवुड याने 1926 मध्ये कर्करोगाच्या नैसर्गिक कालावधीवरील अहवाल ब्रिटिश आरोग्य मंत्रालयासाठी लिहिला. आयुर्मान सारणीवरून काढलेल्या जीवितप्रमाणात किती अनिश्चितता असते, हे सांगणारे त्याचे सूत्र आजही वापरात आहे. 1950 मध्ये बर्कसन व गेज यांनी कर्करोगरुग्णांचे जीवितप्रमाण काढण्याची व्यवहार्य रीत सांगितली. एखाद्या वर्षात पाठपुराव्यातून सुटलेल्या रुग्णाने ते वर्ष सरासरीने अर्धे घालविले, असे त्यात गृहीत धरले जाई. अपूर्ण नोंदीला येथे स्थान मिळाले, परंतु ते ढोबळ अंदाजाने.

दरम्यान, 1948 मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध केली. ब्रॅडफर्ड हिल यांच्या योजनेनुसार यादृच्छिक पद्धतीने दोन गट पाडण्यात आले होते. सहा महिन्यांनंतर औषध व विश्रांती मिळालेल्या 55 पैकी 4 आणि केवळ विश्रांती मिळालेल्या 52 पैकी 14 रुग्ण दगावले होते. यश निर्विवाद वाटत होते. मात्र पाच वर्षांनंतर मृतांची संख्या अनुक्रमे 32 आणि 35 झाली. केवळ स्ट्रेप्टोमायसिन दिल्यास जंतू त्याला दाद देईनासे होतात, हे एव्हाना कळून चुकले होते. सहा महिन्यांवर थांबून पाहिले तर एक उत्तर मिळते आणि पाच वर्षांवर थांबून पाहिले तर दुसरे. कोणत्याही एका मुक्कामावरून प्रवासाचा निवाडा करता येत नाही, हा धडा या चाचणीने दिला.

बेचाळीस रुग्णांची चाचणी

या प्रश्नाचे स्वरूप सर्वाधिक स्पष्ट करणारी चाचणी एमिल फ्रायराइख व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केली आणि 1963 मध्ये ‘ब्लड’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. तीव्र ल्युकेमिया झालेल्या लहान व किशोरवयीन रुग्णांमध्ये स्टिरॉइडने रोगशमन होई. पण ते फार काळ टिकत नसे. गर्ट्रूड एलियन व जॉर्ज हिचिंग्ज यांच्या संशोधनातून निर्माण झालेले सिक्स-मर्कॅप्टोप्युरिन हे औषध दिल्यास रोगशमन अधिक टिकते काय, असा प्रश्न होता. रुग्णांच्या 21 जोड्या करण्यात आल्या. प्रत्येक जोडीतील एकाला औषध आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. 21 पैकी 18 जोड्यांत औषध घेणारा रुग्ण अधिक काळ बरा राहिला.

निष्क्रिय गोळीच्या गटातील सर्व 21 जणांचा आजार उलटला. औषधगटात मात्र केवळ 9 जणांचा उलटला. उरलेले 12 जण शेवटच्या नोंदीपर्यंत बरे होते. आता सरासरी काढावयाची कशी? निष्क्रिय गोळीच्या गटाची सरासरी सुमारे 8.7 आठवडे येते. औषधगटातील 12 अपूर्ण नोंदी वगळल्या, तर उरलेल्या नऊ जणांची सरासरी सुमारे 12.1 आठवडे भरते आणि औषधाचा लाभ जेमतेम साडेतीन आठवड्यांचा दिसतो. असे का घडते? ज्यांना औषध सर्वाधिक लागू पडले, नेमके त्यांनाच आपण हिशेबातून वगळलेले असते. त्या 12 नोंदी पूर्ण झाल्या असे समजून गणित केले, तर सरासरी सुमारे 17.1 आठवडे येते. पण जे घडलेच नाही ते घडले असे मानणे हेही असत्यच. एका रीतीत रुग्ण अदृश्य होतो आणि दुसरीत त्याचा आजार कागदावर अकाली उलटतो.

कॅप्लन आणि मायर यांचे उत्तर

या पेचावरील उत्तर 1958 मध्येच प्रसिद्ध झालेले होते. एडवर्ड कॅप्लन बेल प्रयोगशाळेत समुद्राखालील दूरध्वनी केबलमधील निर्वात नळ्या किती काळ टिकतील याचा विचार करीत होते. पॉल मायर वैद्यकीय नोंदींवर काम करीत होते. दोघेही प्रिन्स्टनमध्ये जॉन टुकी यांचे विद्यार्थी होते. दोघांनी स्वतंत्रपणे लिहिलेले निबंध, संपादकांच्या सूचनेवरून, एकत्र करण्यात आले. तो संयुक्त निबंध आज विज्ञानातील सर्वाधिक उल्लेखिल्या गेलेल्या निबंधांपैकी एक आहे.

त्यांची रीत सोपी आहे. ज्या ज्या वेळी घटना घडते, त्या वेळी हजर असलेल्यांपैकी किती जण ती वेळ निभावून गेले याचे प्रमाण काढावयाचे आणि अशा सर्व प्रमाणांचा गुणाकार करावयाचा. वरील चाचणीच्या औषधगटात सहाव्या आठवड्यात 21 जण हजर होते. तिघांचा आजार उलटला. प्रमाण 18/21, म्हणजे 0.857. त्याच आठवड्यात आणखी एका रुग्णाची नोंद अपूर्णावस्थेत संपली. म्हणून सातव्या आठवड्यात 17 जण हजर होते. त्यांतील एकाचा आजार उलटला. प्रमाण 16/17. दोहोंचा गुणाकार 0.807. अपूर्ण नोंदीचा रुग्ण जोवर हजर आहे तोवर छेदात मोजला जातो आणि त्यानंतर तो आदरपूर्वक बाजूला होतो. त्याच्याविषयी जेवढे ठाऊक आहे तेवढेच, कमी नाही आणि अधिकही नाही, हिशेबात येते. या रीतीने विसाव्या आठवड्यात औषधगटातील सुमारे 63 टक्के रुग्ण बरे असल्याचे दिसते. दुसऱ्या गटात हे प्रमाण 10 टक्क्यांहूनही कमी आहे. मध्यक अनुक्रमे 23 आणि 8 आठवडे येतो. साडेतीन आठवड्यांचा वाटणारा लाभ प्रत्यक्षात पंधरा आठवड्यांचा होता.

तुलनेच्या कसोट्या

दोन वक्र वेगळे दिसतात; पण हा फरक योगायोगाने पडला नसेल कशावरून? या प्रश्नासाठी कसोटीची गरज होती. एडमंड गेहान यांनी 1965 मध्ये याच 42 नोंदी उदाहरणादाखल घेऊन एक कसोटी मांडली. एका गटातील प्रत्येक रुग्णाची दुसऱ्या गटातील प्रत्येक रुग्णाशी तुलना करावयाची. म्हणजे 21 गुणिले 21, अशा 441 तुलना. यांपैकी 335 तुलनांत औषधगटातील रुग्ण सरस ठरतो, 64 तुलनांत दुसऱ्या गटातील, आणि 42 तुलनांत निर्णय देता येत नाही. अपूर्ण नोंदीवरूनही पुष्कळदा निश्चित निर्णय देता येतो, ही गेहान यांची सूक्ष्म दृष्टी होती. पस्तीस आठवडे बरा असलेला रुग्ण पुढे केव्हा आजारी पडेल हे माहीत नसले, तरी आठव्या आठवड्यात आजार उलटलेल्या रुग्णापेक्षा तो सरस ठरला, हे निश्चित असते.

1966 मध्ये नेथन मँटेल यांनी वेगळी वाट चोखाळली. प्रत्येक घटनेच्या वेळी दोन्ही गटांतील हजर रुग्णांची छोटी सारणी मांडावयाची. दोन्ही उपचार सारखेच आहेत या शून्य परिकल्पनेनुसार घटना कशा विभागल्या गेल्या असत्या, हे काढावयाचे. आपल्या उदाहरणात पहिल्या आठवड्यात दोन्ही गटांत 21 जण होते आणि दोघांचा आजार उलटला. अपेक्षा प्रत्येक गटात एकाची. प्रत्यक्षात ते दोघेही निष्क्रिय गोळीच्या गटातील होते. दुसऱ्या आठवड्यात हजेरी 21 आणि 19 अशी होती, पुन्हा दोघांचा आजार उलटला. औषधगटात अपेक्षा 1.05, प्रत्यक्षात शून्य. अशी बेरीज शेवटपर्यंत केल्यास औषधगटात अपेक्षित 19.25 घटनांच्या जागी 9, तर दुसऱ्या गटात अपेक्षित 10.75 च्या जागी 21 घटना आढळतात. यावरून काय-वर्गाचे मूल्य 16.79 येते, पाच टक्के सार्थकता पातळीवर 3.84 पुरेसे असते. रिचर्ड पेटो व ज्यूलियन पेटो यांनी 1972 मध्ये या कसोटीस ‘लॉग-रँक’ हे नाव दिले.

त्याच वर्षी डेव्हिड कॉक्स यांनी धोक्याच्या दराचे प्रतिमान मांडले. आतापर्यंत निभावलेल्या रुग्णाला पुढील क्षणी किती धोका आहे, हा दर काळानुसार कसाही बदलो. दोन गटांतील दरांचे गुणोत्तर स्थिर राहते, एवढेच त्यांनी गृहीत धरले. त्यामुळे वय, रोगाचा टप्पा इत्यादी घटक लक्षात घेऊन तुलना करणे शक्य झाले. कॉक्स यांनीही उदाहरण म्हणून याच 42 नोंदी घेतल्या, ही बाब लक्षणीय आहे. काही बालकांच्या आजाराची नोंद एका संपूर्ण शास्त्राची पाठशाळा ठरली.

मुंबईतील एक चाचणी

या पद्धतींचा प्रत्यय आपल्या परिसरातही येतो. तंबाखूच्या व्यसनामुळे मुखकर्करोग हा महाराष्ट्रातील जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. मुखातील गाठ लहान असून मानेतील लसिकाग्रंथी सुजलेल्या नसतील, तर मानेची शस्त्रक्रिया मूळ शस्त्रक्रियेबरोबरच करावी, की मानेत रोग दिसेपर्यंत थांबावे, याविषयी शल्यविशारदांत अनेक दशके मतभेद होते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 2004 ते 2014 या काळात यादृच्छिक चाचणी झाली आणि पहिल्या 500 रुग्णांचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. तीन वर्षांनंतरचे जीवितप्रमाण पहिल्या गटात 80.0 टक्के व दुसऱ्या गटात 67.5 टक्के आढळले; मृत्यूच्या धोक्याचे गुणोत्तर 0.64 आले. रुग्ण दहा वर्षांच्या अवधीत वेगवेगळ्या वेळी दाखल झालेले असल्याने प्रत्येकाचा पाठपुरावा कमीअधिक होता. अपूर्ण नोंदींना न्याय देणारी पद्धती हाती नसती, तर हा निष्कर्ष काढण्यासाठी आणखी काही वर्षे थांबावे लागले असते. आणि त्या वर्षांची किंमत रुग्णांनी मोजली असती.

मर्यादा

या पद्धतींच्या मर्यादांचाही विचार व्हावयास हवा. पहिली मर्यादा अपूर्णतेच्या कारणाची. पाठपुराव्यातून सुटलेला रुग्ण उरलेल्यांसारखाच असतो, असे या सर्व पद्धती गृहीत धरतात. रुग्ण पूर्ण बरा वाटल्याने येईनासा झाला, की प्रकृती ढासळल्याने अखेरच्या दिवसांसाठी गावी परतला, हे आकड्यांवरून कळत नाही. जेथे प्रवासखर्चासाठीही उसनवारी करावी लागते, तेथे हे गृहीतक तपासून पाहणे हे संशोधकाचे कर्तव्यच आहे.

दुसरी मर्यादा आरंभबिंदूची. अमेरिकेत हृदयरोपणाच्या आरंभीच्या काळात, रोपण झालेले रुग्ण न झालेल्यांपेक्षा अधिक जगतात, असे दिसून आले. मिचेल गेल यांनी 1972 मध्ये यातील दोष दाखवून दिला. हृदय उपलब्ध होईपर्यंत जो जगला, त्यालाच रोपण मिळाले. प्रतीक्षेत दगावलेले आपोआप दुसऱ्या गटात गेले. धावण्याच्या शर्यतीत एकाला अर्ध्या वाटेवरून सोडावे आणि त्याच्या वेगाचे कौतुक करावे, तसा हा प्रकार झाला.

तिसरी मर्यादा अर्थाची. कसोटीने फरक सिद्ध झाला म्हणजे तो मोठा असतोच असे नाही. वक्र परस्परांस छेदत असतील, तर लॉग-रँक कसोटी दुबळी ठरते. गेहान यांची कसोटी आरंभीच्या घटनांना अधिक वजन देते. म्हणून कोणती कसोटी वापरावयाची, हे निकाल पाहण्यापूर्वीच ठरवावे लागते. शिवाय काय मोजले याचेही भान हवे. 42 रुग्णांच्या चाचणीत मोजला गेला तो रोगशमनाचा काळ. निष्क्रिय गोळीच्या गटातील रुग्णांनाही आजार उलटल्यावर ते औषध देण्यात आले होते. त्यामुळे तिच्यावरून एकूण आयुष्याविषयी निष्कर्ष काढणे उचित ठरणार नाही.

समारोप

ग्रॉन्टच्या सारणीपासून कॉक्सच्या प्रतिमानापर्यंतचा हा सुमारे तीन शतकांचा प्रवास आहे. आरंभी केवळ मृतांची गणती होती. पुढे ‘अद्याप घडलेले नाही’ ही देखील एक साक्ष आहे, हे मान्य झाले आणि तिचे नेमके मोल ठरविण्याचे गणित उभे राहिले. ज्याची कहाणी पुरी झालेली नाही त्यालाही हिशेबात त्याच्या वाट्याची जागा देणे, हे या शास्त्राचे सूत्र आहे. आज संगणकावर क्षणार्धात लॉग-रँक कसोटीचे उत्तर मिळते. अशा वेळी विद्यार्थ्यांनी ती 42 नोंदींची सारणी एकदा तरी स्वहस्ते, कागदावर सोडवून पाहावी, असे सुचवावेसे वाटते. त्यातील प्रत्येक आकड्यामागे एक मूल होते, आणि त्यांतील बारा मुलांपुढे ‘अजून बरे आहे’ असे लिहिलेले होते. ती बारा मुले वगळून काढलेले उत्तर किती चुकीचे ठरते, हे एकदा हाताने पडताळले, की पद्धतीचे प्रयोजन वेगळे समजावून सांगावे लागत नाही.